गालावरचा तीळ

[नवी पेठ, सकाळ. शटर वर जातंय]

सोलापूरच्या नवी पेठेतला हा फोटो स्टुडिओ, मालक मामांच्या वडिलांनी सुरू केलेला. शटर वर गेलं की आधी उदबत्ती, मग कॉम्प्युटर, मग गिऱ्हाईक. पासपोर्ट साइजवाले येतात, फॉर्मवाले येतात, पण खरा धंदा लग्नाच्या बायोडाटाच्या फोटोचा. तुळशीचं लग्न लागलं की रोज पाच-सहा पोरी आई-मावशीबरोबर येऊन या स्टुलावर बसतात.

आज ही बसलीय. २२ वर्षांची, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, अर्धी सुट्टी टाकून आलीय. डावा गाल बघा, ओठाच्या थोडं वर तीळ आहे आणि ती हसली की तो तीळ खळीत जातो. कॅमेरा जवळ नेल्यावर आम्हाला पहिल्यांदा दिसलं ते हेच.

मामा म्हणतात, "हनुवटी खाली घे बाळ, हां, बस." क्लिक. फोटो छान आलाय, तिच्यासारखाच आलाय. आई स्क्रीनकडं वाकते. "मामा, जरा उजळ करून द्या ओ. आणि तेवढा तीळ काढा."

[स्क्रीन, जवळून. माउसचा आवाज]

इथून पुढं आम्ही कॅमेरा हलवलाच नाही, कारण हे काम कसं होतं ते आपल्यातल्या कितीतरी जणांनी कधी पाहिलेलंच नसतं. पहिला गेला तीळ. शेजारची कातडी उचलायची, तिळावर ठेवायची, एक क्लिक. मग चेहऱ्याचे दोन थर करायचे, एकात रंग, एकात कातडीचा पोत, आणि रंगाचा थर धूसर करायचा म्हणजे डाग जातात पण पोत राहतो आणि कुणाला कळत नाही. मग नाक दोन्हीकडून आत ढकललं. जबडा आत. दंड थोडा बारीक. मग चेहरा उजळ केला, तर मान सावळी राहिली, मग मान, मग कान, मग हात. मामा म्हणतात हात विसरला की लगेच पकडलं जातं.

आणि हे नीट बघा. उजळ करताना साडीचा काठ पण फिका पडला, मरून होता तो गुलाबी दिसायला लागला. मामांनी तेवढा काठ निवडून परत होता तसा केला. साडीचा रंग बदललेला चालत नाही.

[मुलगी स्क्रीनकडं बघतेय]

ती म्हणाली, "फोनमध्ये मी अशीच दिसते की."

खरंय तिचं. बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात ब्युटी मोड आधीपासूनच चालू असतो, आपण लावला नाही तरी. म्हणजे पोरगी दिवसातून दहा वेळा स्वतःला बघते आणि दहाही वेळा ती स्वतः नसते, आणि मग आरशात बघितलं की आरसाच चुकीचा वाटायला लागतो. हे त्या कंपन्यांना माहीत नाही असं पण नाही. २०२१ मध्ये फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात त्यांच्याच माणसांनी लिहिलं होतं की इन्स्टाग्राममुळं दर ३ पैकी १ किशोरवयीन मुलीचा शरीराबद्दलचा त्रास वाढतो.

[जुनं कपाट, बटर पेपरची पाकिटं]

पण सगळं फोनवर ढकलून चालणार नाही, कारण मामांच्या या कपाटात त्याच्या कितीतरी आधीचा माल आहे. ही त्यांच्या वडिलांची पेन्सिल, टोक बघा, सुईसारखं. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यात निगेटिव्हवर आधी एक द्रावण चोळायचं म्हणजे पेन्सिल धरते, मग खालून उजेड घेऊन बारीक बारीक रेघा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, काळं ते पांढरं, त्यामुळं जिथं पेन्सिल फिरेल तिथं प्रिंट उजळ येते. वण, सुरकुती, डोळ्याखालचं काळं, सगळं भरून निघायचं. रात्र रात्र बसायचे म्हणे.

मग रंगीत आलं. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो द्यायची, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला, आणि त्यात कित्येक वर्षं गोरी बाईच होती. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. ४० च्या वर तापणाऱ्या सोलापुरात, जिथं हा सावळा रंगच आपल्या कातडीला उन्हापासून सांभाळतो, तिथल्या माणसांचे फोटो पण असल्या मापानं निघायचे. १९७५ ला फेअर अँड लव्हली आलं, जाहिरातीत पोरगी गोरी झाली की नोकरी पण लागायची आणि नवरा पण मिळायचा. सावळ्या माणसाला कमी दाखवू नका असा जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेचा नियम आला २०१४ मध्ये, आणि नावातलं 'फेअर' गेलं २०२० मध्ये. ४५ वर्षांनी. तोवर आपल्या आया मोठ्या झाल्या होत्या.

या गोरेपणाच्या पायी पोरी मेडिकलमधून स्टिरॉइडवालं क्रीम आणून लावतात, २०१८ पासून ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही तरी लावतात, आणि कातडी पातळ होऊन लाल पडते, सोडलं की आग होते.

[निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात]

आईच्या कपाळावर कांजण्यांचा वण आहे, मघाशी वाकली तेव्हा दिसला असेल. तिचा मुलगी दाखवायचा फोटो याच स्टुडिओत काढलेला, १९९५ ला. घरी भिंतीवर आहे, त्यात वण नाही. ती म्हणाली, "मला वाटायचं लाइट पडली असंल." मामांनी दीड तास पाकिटं उपसली आणि निगेटिव्ह सापडली. ही बघा. कपाळावर बारीक रेघा, एकावर एक, आणि खाली तो वण, तसाच.

आई बराच वेळ निगेटिव्ह धरून उभी राहिली. पोरगी तिच्या खांद्यावरून बघत होती. मग आई मामांना म्हणाली, "हिचं पहिलं होतं तसं करा."

मामांनी एकेक पायरी मागं घेतली. हात, कान, मान. नाक. सगळ्यात शेवटी तीळ.

[प्रिंटर. चार कॉपी. कटरचा आवाज]