टिंब राहीना

(दृश्य: लातूर, गंजगोलाई. दुपारची वर्दळ.)

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातल्याच एका रस्त्यावर, बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर हे ऑफिस. दोन टेबलं, तीन लॅपटॉप, एक कूलर. एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी इथं सोयाबीन नोंदणीचा फॉर्म तयार होतोय, रिॲक्टमध्ये, म्हणजे वेबपानं बांधायच्या एका जावास्क्रिप्ट लायब्ररीत. नाव, गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, एवढाच मामला. काम अडलंय ते क्षेत्राच्या रकान्यावर.

(दृश्य: मोबाइलची स्क्रीन, जवळून.)

चाचणीला औशाकडचे एक शेतकरी आलेत. सातबाऱ्यावर त्यांचं क्षेत्र १ हेक्टर ५ आर, म्हणजे १.०५. ते एक दाबतात, मग टिंब. स्क्रीनवर नुसता एक. "टिंब दाबायलोय, राहीनाच की हो," काका म्हणतात. पुढं शून्य आणि पाच दाबून होतात आणि रकान्यात आकडा उभा राहतो: १०५. अडीच एकरांचा धनी बसल्याजागी अडीचशे एकरांचा जमीनदार. "राहू द्या तसंच," काका हसतात, "तेवढीच इज्जत वाढली."

आता पडद्याआड बघू. रिॲक्टच्या कंट्रोल्ड रकान्यात काय दिसावं हे स्टेट, म्हणजे कोडनं लक्षात ठेवलेलं मूल्य, ठरवते. कळ दाबली की ऑनचेंज नावाचं फंक्शन चालतं, स्टेट बदलते आणि रकाना स्टेटमधलं मूल्य पुन्हा दाखवतो. या कोडमध्ये आलेला मजकूर ऑनचेंजमध्येच आकडा करून साठवला जात होता. 'एक आणि टिंब' याचा आकडा होतो एक. आकड्याला लोंबतं टिंब ठेवता येत नाही. स्टेट म्हणाली एक, रकान्यानं मुकाट्यानं एक दाखवला.

म्हणून माणूस टाइप करत असताना त्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवायचा आणि आकडा सबमिटच्या वेळी करायचा. त्यातही एक गंमत आहे. कुणी देवनागरीत ४५ टाइप केलं, तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन 'हा आकडाच नव्हे' म्हणून मोकळं होतं. सर्व्हरवर पायथन ही भाषा असेल तर तेच ४५ तिथं बिनबोभाट चालतात. एकाच फॉर्मची दोन टोकं दोन निकाल देतात. त्यापेक्षा आकडे आधी इंग्रजीत बदलून घेतलेले बरे.

(दृश्य: नावाचा रकाना. खाली लाल अक्षरं: 'नाव चुकीचे आहे'.)

नावाच्या रकान्यात कदम पास होतात, शिंदे नापास. तपासणीच्या नियमात फक्त 'अक्षर' चालेल असं लिहिलंय आणि युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या लिपींच्या प्रमाण यादीच्या, हिशेबात वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, ती चिन्हं. कदमांच्या नावात एकही चिन्ह नाही आणि नेमकं तेच नाव टाकून तपासलं गेलं होतं. नियमात चिन्हांचा गट आणि मधली जागा घातली की शिंदेही आत येतात. लांबीची मर्यादा घालतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. 'क्षीरसागर' डोळ्याला पाच अक्षरं, पण जावास्क्रिप्ट मोजतं ९.

बाकीची दुखणी नेहमीचीच. एकेक अक्षर टाइप केलं की कर्सर उडतो, तेव्हा बहुतेक वेळा एका कंपोनंटच्या (पानाच्या एका सुट्या भागाच्या कोडच्या) पोटात दुसरा कंपोनंट लिहिलेला असतो. दर रेंडरला, म्हणजे पान पुन्हा रंगवताना, रिॲक्टला तो नवाच वाटतो आणि जुना रकाना काढून नवा बसवला जातो. आतला बाहेर काढला की झालं. 'पीक जोडा' दाबताच अख्खा फॉर्म सबमिट होतो, कारण फॉर्ममधल्या बटणाचा प्रकार सांगितला नाही तर ते सबमिटचंच धरलं जातं. सर्व्हरवरून माहिती येईपर्यंत रकान्याची व्हॅल्यू अनडिफाइन्ड, म्हणजे ठरलेलीच नसेल, तर कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या इशाऱ्यांच्या खिडकीत) रकाना अनकंट्रोल्डचा, म्हणजे स्टेटच्या ताब्याबाहेरचा, कंट्रोल्ड झाल्याचा इशारा येतो. सुरुवातीला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर, द्यावी. हा इशारा बरेच जण न वाचताच कन्सोल पुसून टाकतात, आणि मग रात्र जागतात.

(दृश्य: दुसरे शेतकरी, तोच फॉर्म.)

टिंब आता राहतंय. दुसरे काका १.५ भरतात आणि सबमिट होतं. सातबारा बघितला तर त्यांचंही क्षेत्र १ हेक्टर ५ आर. त्यांनी हेक्टर, टिंब, आर असं सरळ वाचून भरलं. फॉर्मनं मात्र ५० आर धरले. कोडमध्ये तसूभर चूक नाही, कन्सोल कोरा करकरीत आहे.

इथं रकानाच बदलावा लागला. हेक्टरचा वेगळा, आरचा वेगळा. टिंबाचं कामच उरलं नाही. आरच्या रकान्यात ९९ च्या वर काही भरलं की सबमिट थांबतं आणि खाली लिहून येतं: '१०० आर म्हणजे १ हेक्टर. तो हेक्टरच्या रकान्यात भरा.'