दुकानांच्या पाट्या आणि वामनदादा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय लोककवी, गायक वामनदादा कर्डकांविषयी. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, आपला नाशिक जिल्हा. जन्म १५ ऑगस्ट १९२२. दादा गेले तेही आपल्या नाशकातच, १५ मे २००४ ला. मधली सारी वर्षं गावोगाव गात फिरण्यात गेली.

मला सांगायचीय ती पत्राची गोष्ट. तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत असेल. तरी ऐका, मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दादा तेव्हा मुंबईत होते, पोटासाठी मिळेल ते काम करत होते. कधी गिरणी, कधी कोळशाची वखार. अंगात तरुणपण, बोलणं चटपटीत. अशा माणसाला अक्षरओळख असणारच, असं कुणालाही वाटेल. तसंच एकाला वाटलं. गावाकडून आलेलं पत्र घेऊन तो दादांकडे आला. एवढं वाचून दाखवा, म्हणाला.

पत्र हातात आलं आणि दादांना वाचता येईना. पुन्हा सांगते, पत्र हातात होतं आणि त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. समोरचा माणूस आशेनं तोंडाकडे बघतोय. घरी कोण आजारी आहे, पाऊस झाला का, सगळं त्या कागदात आहे. दादांना ती गोष्ट इतकी लागली, की ते रडले. आणि मग शिकायला बसले.

एका मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. बाराखडी झाली, पण जोडाक्षरं कोण शिकवणार? ती शिकवली मुंबईच्या दुकानांनी! दादा रस्त्यानं चालायचे आणि पाट्या वाचायचे. अक्षर अक्षराला कसं चिकटतं, ते बघायचे. तुम्हीच आठवून पाहा, 'वस्त्रभांडार' या एका शब्दात केवढा धडा आहे. स, त आणि र एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. 'प्रिंटिंग प्रेस' घ्या, 'स्टोअर्स' घ्या. रफार डोक्यावर कुठे बसतो, हे ती पाटी रोज, फुकट, न रागावता सांगते.

ही गोष्ट आठवली की मला माझी आजी दिसते. सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या एसटी स्टँडवर, उभी राहून ती प्रत्येक गाडीला विचारायची, "सिन्नर का हो, सिन्नर?" पाटी समोर असायची, चांगली ठळक. पण तिला ती कोण वाचून दाखवणार?

म्हणून सांगते, नाशकात मेन रोडला, रविवार कारंज्याला दुकानं असणाऱ्यांनो, पाटी मराठीत लावा आणि शुद्ध लावा. हाताला धरून नातवाला नेणारी आजी अजून त्या रस्त्यानं जाते. आणि पेंटरनं रंगवलेली पाटी असेल तर ती पुसू नका. त्या अक्षरांना जी गोलाई असते, ती छापील फ्लेक्सला नाही. असो, दादांकडे येऊ.

मला वाटतं, दादांची ओळ त्या पाट्यांसारखी आहे. पाटी लांबून दिसली पाहिजे, चालता चालता कळली पाहिजे. दादांचं गाणंही मागच्या रांगेत, पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला पहिल्याच फेरीत कळतं. शब्द तिच्या घरातले, चाल तिच्या ओळखीची. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येतं, जसं अभंगात 'तुका म्हणे' येतं.

हा पिंड घडला कुठे? याच जिल्ह्यात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० च्या मार्चमध्ये सुरू झाला, तेव्हा दादा साडेसात वर्षांचे. बाबासाहेबांनी येवल्यात १९३५ ला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा तेरा वर्षांचे. गाण्यांतून, नाट्यातून बाबासाहेबांचा विचार सांगणारा भीमराव कर्डकांचा जलसाही याच मातीतला. पुढे १९४३ साली दादांनी पहिलं गाणं रचलं. ते होतं एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावरचं विडंबन! लोकांनी टाळ्या दिल्या, आणि दादांना आपली वाट सापडली. मग बाबासाहेबांचा विचार हाच त्यांच्या गाण्याचा प्राण झाला. ढोलकीच्या साथीनं तो गावकुसापर्यंत गेला. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह नंतर आले. गाणी त्याआधीच लोकांना तोंडपाठ होती.

काही कविसंमेलनांत मी पाहते, कवी कागदातून मान वर काढत नाही. समोर माणसं बसलेली असतात, तो त्यांच्याकडे बघतच नाही. मला ते फार खटकतं. दादा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून गायचे.

तर श्रोतेहो, हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा. गॅसवर दूध असेल तर आच बारीक करा. आता ऐकायचंय 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते'. 'पाच' या शब्दाकडे कान ठेवा. लाख नाही, हजार नाही, पाच. लावा रे गाणं.