पार्श्वसंगीताने कुठे गप्प बसावे

श्रोतेहो, नमस्कार. चित्रपट आणि मालिका मी भरपूर पाहतो, आवडीने पाहतो आणि पाहून झाल्यावर त्यांच्यावरून मित्रांशी वादही घालतो. आज मात्र २०२४ आणि २०२५ मधल्या काही कलाकृती कानांना कशा वाटल्या, एवढेच सांगणार आहे. नभोवाणीवर हा विषय शोभूनही दिसेल.

सुरुवात दैनंदिन मालिकांपासून करतो, कारण त्यांना नावे ठेवणे फार सोपे आहे. सुनेच्या हातून एक पत्र खाली पडते. मग सासूचा, नणंदेचा आणि दाराआड उभ्या असलेल्या कुणाचा तरी चेहरा तीन-तीनदा दिसतो आणि दर वेळी कानठळ्या बसवणारा आवाज होतो. आपण सगळेच त्याची टिंगल करतो. पण संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आपल्या घरांत टीव्ही पाहिला कमी आणि ऐकला जास्त जातो, हे विसरून चालणार नाही. एकीकडे कणीक मळायची असते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, मुलांच्या वह्या बघायच्या असतात. अशा वेळी तो ‘धडाम्’ म्हणजे ‘आता जरा इकडे बघा’ अशी हाक असते. दैनंदिन मालिका ही नभोनाट्याची धाकटी, काहीशी भांडखोर बहीण आहे असे मी मानतो आणि तिचा गोंगाट खपवून घेतो.

तिकीट काढून अंधारात बसलेल्या प्रेक्षकाचे तसे नसते. त्याचे लक्ष आधीच पडद्यावर असते, तरीही नायकाचे डोळे भरून येण्याआधीच व्हायोलिने रडू लागतात, तेव्हा मला चिडायला होते. म्हणूनच रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चे मोल मला मोठे वाटते. २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक नाट्यचित्रपट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट १९ सप्टेंबरला आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात आणि त्या गजबजाटात या दोघांचे प्रेम हळूहळू उमलते. या चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबतो, माणसे कमी बोलतात आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ आपला आपण लावायचा असतो. पहिली काही मिनिटे चुळबुळ होते, हे खरे. एकदा कान सरावले की मात्र घरातल्या माणसांचे बोलणे आणि माळावरची शांतता यांतला फरकच कथा सांगू लागतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हटल्यावर एरवी वाजले असते ते करुण संगीत इथे नाही, त्यामुळे आनंदची कीव करण्याची मुभा आपल्याला मिळत नाही. दिग्दर्शकाचा हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटला.

परदेशी मालिकांत नेटफ्लिक्सवरची ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका याच कारणासाठी लक्षात राहिली. तिचा प्रत्येक भाग एका सलग चित्रणात टिपलेला असल्याची चर्चा खूप झाली, पण मला त्या करामतीपेक्षा तिसरा भाग मोठा वाटतो. एका खोलीत तेरा वर्षांचा आरोपी मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई समोरासमोर बसलेले आहेत; मध्ये अर्धे सँडविच आणि गरम चॉकलेटचा पेला आहे. मुलाचा आवाज लाडिकपणातून गुरगुरण्याकडे आणि पुन्हा विनवणीकडे ज्या वेगाने सरकतो, तो ऐकताना भीती वाटते आणि त्यासाठी वेगळे वाद्य वाजवावे लागत नाही.

याचा अर्थ मला शांतताच हवी असते असा कोणी घेऊ नये. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ १२ सप्टेंबर २०२५ रोजी आला. कोकणातल्या जत्रेत पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीने रात्र जागवणारी ही लोककला मुळातच दणदणीत आहे; तिच्यावरचा चित्रपट कुजबुजला असता तर खोटा वाटला असता. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी दृष्टी अधू होत चाललेल्या बाबुली मेस्त्रीचा आवाज रंगमंचावर एक आणि मुलाशी बोलताना दुसरा ठेवला आहे, तो जरूर ऐकावा. उत्तरार्धात मात्र झांज-पखवाज मागे पडून कुठल्याही सूडपटात शोभेल असा गडगडाट सुरू होतो आणि तिथे मी चित्रपटापासून थोडा दुरावलो.

‘मानवत मर्डर्स’बद्दल माझे मत अजूनही दुभंगलेले आहे. परभणी जिल्ह्यातल्या १९७०च्या दशकातील हत्याकांडावरची ही मराठी मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. भीती वाढवणारे संगीत त्यात मला गरजेपेक्षा जास्त वाटले. पण आशुतोष गोवारीकर यांनी साकारलेले तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी चौकशी करताना आवाज चढवत नाहीत आणि समोरचा माणूस त्या संथपणानेच अधिक घाबरतो. दिग्दर्शक आशिष बेंडे यांनी त्या प्रसंगांत संगीत आणखी आवरले असते, तर या मालिकेला मी ‘साबर बोंडं’च्या शेजारी बसवले असते.