अंगठा हलतो तेव्हा

(दृश्य: खुर्चीच्या हातावर टेकलेला उजवा हात. टक्… टक्… असा आवाज.)

या अंगठ्याकडे बघा. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, चुंबकीय स्पंद सुटतो आणि अंगठा आपोआप उडतो. कापाकापी नाही, भूलही नाही.

१९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. तत्त्व शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेचं, १८३१ सालचं: चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. इथे वाहक आहे माणसाचा मेंदू. कुणाला किती जोराचा स्पंद द्यायचा, ते आजही हाताच्या अशा हालचालीवरूनच ठरवतात. मग कॉइल पुढे सरकते, कपाळाच्या वर, डाव्या बाजूला. भावनांना आवर घालण्यात मेंदूच्या या भागाचा मोठा वाटा असतो.

यालाच टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन म्हणतात: कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला चालना देणं. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २००८ मध्ये त्याला परवानगी दिली. काहींचं डोकं दुखतं, क्वचित फिटही येऊ शकते.

(दृश्य: रिकामी खुर्ची.)

पण मनातली घालमेल सोसवेना म्हणून जी मुलगी स्वतःलाच इजा करून घेते, तिचं काय? मरायचं नसतानाही अनेक जण असं करतात. त्यांच्यासाठी टीएमएस हा अजून मान्यताप्राप्त उपचार नाही, आणि तसं भासवून कुणाच्या आईवडिलांना आशेला लावणं मला क्रूर वाटतं.

आत्महत्येच्या विचारांवर मात्र प्रयोग झाले आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णालयात दाखल असलेले ४१ जण होते. तीन दिवसांत नऊ सत्रं. काहींना खरी कॉइल, काहींना लटकी. विचार दोन्ही गटांत ओसरले, दोहोंत ठाम म्हणावा असा फरक उरला नाही. या सगळ्यांवर नेहमीचे उपचारही चालू होते, माणसं आसपास होती. मला ही गोष्ट यंत्राइतकीच मोलाची वाटते.

इजा करून घेण्याच्या ओढीवर बोलून, शिकवून केलेल्या उपचारांचा आधार आज जास्त भक्कम आहे. त्यातली डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी घडवली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी. तरुणपणी त्या स्वतः याच यातनेतून गेल्या होत्या.

(दृश्य: फोन उचलणारा तोच हात. पडद्यावर अक्षरं.)

टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन: १४४१६. दिवसरात्र, मोफत. मराठीतही बोलता येतं.