आधी चूल, मग ताट

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टीत मुलांना घेऊन परदेशी जाणारी कुटुंबं आता आपल्या जळगाव-धुळ्याकडेही दिसू लागली आहेत. निघायच्या आधी घरोघरी एकच घोर असतो, पोरं तिथे खातील काय? मग बॅगेत दशम्या, बिबड्या, शेव आणि नूडल्सची पाकिटं भरली जातात. दशम्या जरूर न्या, गाडीला उशीर झाला की त्याच धावून येतात. पण सगळी सहल त्याच डब्यावर काढू नका, एवढं मी आज कळकळीने सांगणार आहे.

आम्ही मुलांना घेऊन श्रीलंकेला गेलो, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. पदार्थ ताटात आला की मूल नाक मुरडतं. तोच पदार्थ होताना बघितला, की हात आपोआप पुढे येतो.

तिथला आप्पाच घ्या. तांदळाच्या पिठात नारळाचं दूध घालून ते आंबवतात. छोट्या खोलगट कढईत डावभर पीठ ओततात आणि कढई हातात धरून गोल फिरवतात. कडेला कुरकुरीत जाळी धरते, मधला भाग मऊ राहतो. त्यात अंडंही फोडतात. खापरावर मांडे पडताना आपली मुलं जशी चुलीपासून हलत नाहीत, तशीच ती तिथे उभी राहिली. ‘हाई काय शे?’ हा प्रश्न संपायच्या आत पहिला आप्पा संपलाही होता.

कोत्तूचं तर विचारूच नका. संध्याकाळ झाली की रस्त्याकडेच्या दुकानांतून तव्यावर दोन पात्यांचा ठेका ऐकू येतो. रोटीचे तुकडे, भाज्या, अंडी, रस्सा, सगळं तव्यावरच बारीक तोडत परततात. आवाजाच्या मागे मुलंच आम्हाला ओढत न्यायची. मात्र कोत्तू तिखट असतो. शेवभाजीवर वाढलेल्या पोरांचं निभावतं, लहानग्यांसाठी आधीच तिखट कमी करायला सांगावं.

बाजारात त्यांना जरूर न्या, आणि केळ्यांपासून सुरुवात करा. आपल्या जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा रावेर-यावलच्या मुलांना केळ्यातलं कळतंच. तिथे दुकानांच्या दारात वेगवेगळ्या जातींचे घड टांगलेले असतात. कोलिकुट्टू गोड, अंबुल जरा आंबट. एकेक विकत घेऊन चाखायला लावा, मत विचारा. केळी सोलून खायची, म्हणून पोटालाही धोका कमी. पाणी मात्र बाटलीबंदच द्या, आणि रस्त्यावरच्या सरबतात बर्फ नको. त्यापेक्षा केशरी रंगाचं शहाळं, ज्याला तिथे तंबिली म्हणतात, समोर फोडून घ्या.

वांगं भेटलं की आपल्या माणसाला बरं वाटतंच. तिथे वांबटु मोजू करतात. वांग्याच्या फोडी खरपूस तळून मोहरी, व्हिनेगर, साखर आणि छोटे कांदे घालतात. आपल्या भरताशी त्याचं काही नातं नाही, पण वांगं इतकं आंबटगोड लागू शकतं हे मुलांना कळलं, याचा मला फार आनंद झाला.

शाकाहारी घरांनी एक जपावं. सांबोल नावाच्या नारळाच्या तिखट चटणीत आणि काही भाज्यांत उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचे तुकडे घालतात. दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी विचारा. फणसाची भाजी, वरण, भात यांवर शाकाहारी माणसाचं पोट छान भरतं. जेवण हातानेच करतात, त्यामुळे मुलांना काट्याचमच्याचं दडपणही नाही. आणि गोडाला मडक्यातलं म्हशीचं दही, वर कितुल माडाचा काकवीसारखा पाक. हे आमच्याकडे कुणालाही आग्रह करून वाढावं लागलं नाही.

एखादा पदार्थ मुलाने नाकारला तर तिथेच सोडा. चारचौघांत रागावू नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात तेच मूल स्वतःहून मागतं, हे मी पाहिलंय.

आणि तयारी घरापासूनच करता येते. खोवलेला नारळ, लाल तिखट, बारीक कांदा, मीठ एकत्र चुरा, वर लिंबू पिळा. हा झाला बिनमाशाचा सांबोल. निघायच्या आठवडाभर आधी गरम भाकरीबरोबर वाढा, आणि नारळ मुलांनाच खोवायला द्या.

नमस्कार.