पोटमाळ्यावरचं अक्षर

मंडळी, आपल्याकडच्या काही आत्मकथनांवर नावाखाली बारीक टाइपात 'शब्दांकन' असं छापलेलं असतं. सांगणारी एक, लिहिणारा दुसरा. त्यात गैर काही नाही. १८६१ साली अमेरिकेत, बॉस्टनमध्ये निघालेल्या 'इन्सिडंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' या आत्मकथनावर मात्र स्पष्ट छापलं होतं, 'तिने स्वतः लिहिलेलं'. तरीही पुढची शंभरहून अधिक वर्षं जाणकार म्हणत राहिले की हे तिचं नव्हेच.

ती म्हणजे हॅरिएट जेकब्ज. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडंटन गावी गुलामगिरीत जन्मलेली. पहिल्या मालकिणीने तिला वाचायला आणि शिवायला शिकवलं, आणि मरताना मृत्युपत्रात तिला आपल्या तीन वर्षांच्या भाचीच्या नावे केलं. त्या भाचीचा बाप, डॉक्टर जेम्स नॉरकॉम, हॅरिएटच्या मागे लागला. अखेर १८३५ साली ती पळाली. कुठे? आजीच्याच घरात, छपराखालच्या पोटमाळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सगळ्यात उंच जागी तीन फूट. उभं राहणं सोडाच, धड बसताही येईना. अंधारात तिच्या हाताला एक गिरमिट लागलं. त्याने तिने भिंतीला ओळीने भोकं पाडली, मधलं लाकूड कोरलं आणि इंचभर खिडकी केली. तिच्यातून रस्त्यावरून जाणारी आपली मुलं दिसायची. अशी जवळजवळ सात वर्षं काढून १८४२ मध्ये ती उत्तरेला, गुलामगिरी नसलेल्या राज्यांत निसटली.

पुस्तक तिने नंतर लिहिलं, न्यूयॉर्कमध्ये एका लेखकाच्या घरी मुलं सांभाळायचं काम करता करता, रात्री सगळे निजल्यावर. लिंडा ब्रेंट हे टोपणनाव घेतलं, बाकीच्यांचीही नावं बदलली. संपादन लिडिया मारिया चाइल्ड या नामवंत गोऱ्या लेखिकेने केलं. किरकोळ फरक सोडले तर विचार आणि भाषा तिचीच आहे, असं चाइल्डबाईंनी प्रस्तावनेत लिहून ठेवलं. पण चाइल्डबाई कादंबरीकार होत्या ना! पुढे लोकांनी पुस्तक त्यांच्याच खात्यावर जमा केलं. १९७२ साली गुलामगिरीचे मोठे इतिहासकार जॉन ब्लासिंगेम यांनी ते विश्वासार्ह नाही असा निर्वाळा दिला. म्हणे, फार नीटनेटकं आहे, फार नाट्यमय आहे.

मला याचा राग येतो. मोडकंतोडकं लिहिलं असतं तर खरं वाटलं असतं, चांगलं लिहिलं म्हणून खोटं ठरलं. ब्लासिंगेम स्वतः कृष्णवर्णीय, गुलामांची कथनं इतिहासाचा पुरावा म्हणून उभी करणारे. त्यांनीही हिला बाहेर ठेवावं, हे जास्त लागतं.

जीन फेगन येलिन या अभ्यासकही आधी याला कादंबरीच समजत. मग रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना हॅरिएटने एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रं सापडली. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. पण त्यांत पुस्तक लिहितानाची सगळी धडपड आहे. 'अंकल टॉम्स केबिन' या गुलामगिरीवरच्या गाजलेल्या कादंबरीच्या लेखिका हॅरिएट बीचर स्टो यांनी तिची कहाणी स्वतःच्या पुस्तकात घालायची तयारी दाखवली, तेव्हा तिने ती द्यायचं नाकारलं, तेही त्यांत आहे. आपली गोष्ट आपण लिहायची, हे तिने तिथेच ठरवलं. येलिन यांनी १९८१ साली हा पुरावा मांडला आणि १९८७ मध्ये हॅरिएट जेकब्ज या खऱ्या नावाने हार्वर्डची आवृत्ती निघाली.

आता पुस्तकातलाच एक प्रसंग सांगतो. पोटमाळ्यावर असताना डॉक्टरला चकवण्यासाठी तिने त्याला आणि आजीला पत्रं लिहिली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राच्या एका तुकड्यावरून तिथल्या रस्त्यांची नावं उचलली आणि एका खलाशाकरवी ती पत्रं न्यूयॉर्कहून टपालात टाकवली. डॉक्टर फसला. आजीचं पत्रही त्याच्याच हाती पडलं. तो ते वाचून दाखवायला घरी येणार हे ओळखून तिने आजीला सांगितलं, त्याला दाराजवळ बसव, दार उघडं ठेव. तो आला, वाचू लागला. पण वाचत होता ते तिचं पत्र नव्हतंच. तिचं दडपून त्याने दुसरंच रचून आणलं होतं, पश्चात्तापाचं, घरी परत न्या म्हणून गयावया करणारं. आजी मुकाट ऐकत होती आणि आतल्या बाजूला, श्वास रोखून, हॅरिएटही.

पुस्तकात तिने ते बनावट पत्र उतरवून ठेवलं आहे.