भिंगाखालचा मासा

(दृश्य: अल्बमचं पान उलटतं. चिमट्यात एक तिकीट.)

पाण्यातला मासा क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो. त्याचे पर मोजायचे कधी? पोस्टाच्या तिकिटावरचा मासा मात्र भिंगाखाली हवा तितका वेळ थांबतो.

हा पाइक. पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ सरकलेला. पाणवनस्पतींत दबा धरून बसायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की एका झेपेत गाठायचं, असं याचं जगणं. त्या झेपेला जोर देतात ते हे मागचे पर. शेजारी कार्प. ओठांपाशी मिशांच्या दोन जोड्या, तळाचा गाळ चाचपायला. आणि हा ट्राउट: पाठीवरचा पर आणि शेपूट यांच्या मधे एक इवलासा मांसल पर. कार्पला तो नसतो. एकदा हा फरक दिसला की पुढे प्रत्येक तिकिटावर नजर आधी तिथेच जाते.

(दृश्य: रेनबो ट्राउटची दोन तिकिटं, एक जुनं, एक नवं.)

आता ही दोन तिकिटं नीट बघा. मासा एकच, रेनबो ट्राउट. जुन्यावर शास्त्रीय नाव आहे साल्मो गैर्डनेरी, नव्यावर ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. छपाईची चूक नाही ही. हा मासा साल्मो गटातल्या अटलांटिक सॅमनपेक्षा ऑन्कोऱ्हिंकस गटातल्या पॅसिफिक सॅमनच्या जवळचा, हे अभ्यासातून पक्कं झालं. शिवाय रशियाच्या पूर्व टोकाकडच्या कामचाटकातल्या याच माशाला १७९२ सालीच मायकिस हे नाव मिळालं होतं. गैर्डनेरी आलं १८३६ साली. शास्त्रात जुन्या नावाचा मान पहिला. म्हणून १९८९च्या सुमारास नाव बदललं. जुन्या तिकिटांवर मात्र ते जसंच्या तसं राहिलं, आणि आम्हा तिकीट जमवणाऱ्यांना ते फार मोलाचं वाटतं.

तिकीट कुठल्या देशाचं, यावरून मात्र माशाचं घर ठरवू नये. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर पॅसिफिकला मिळणाऱ्या नद्यांचा. माणसाने तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत नेऊन सोडला, आणि कितीतरी ठिकाणी तिथल्या मूळच्या माशांना तो भारी पडला. उलट बैकल सरोवरातला ओमुल. सोव्हिएत संघाने १९६६ साली बैकलच्या माशांची मालिका काढली, त्यात तो आहे. त्याचं घर तेवढंच, बैकल.

पोस्टकार्डांकडे आलो की मॅक्सिमम कार्ड आधी दाखवावंसं वाटतं. माशाचं चित्र असलेलं कार्ड, चित्राच्याच बाजूला त्याच माशाचं तिकीट, आणि त्यावर विषयाशी नातं असलेल्या गावाचा शिक्का. शिक्क्यावरचं गाव नकाशात शोधलं की अनेकदा बोट एखाद्या नदीवर नाहीतर सरोवरावर जाऊन थांबतं.

(दृश्य: माणसाहून मोठा मासा असलेलं जुनं कार्ड.)

हे कार्ड मात्र फसवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फोटो कापून, जोडून असे अवाढव्य मासे गमतीने छापत. आकाराच्या बाबतीत तिकिटंही भरवशाची नाहीत. छोटा मासा काय, मोठा काय, तेवढ्याच चौकटीत बसवलेला असतो. म्हणून आम्ही प्रत्येक माशाखाली पेन्सिलीने खरी लांबी लिहितो.

(दृश्य: पेन्सिल कागदावर. शेजारी शेजारी दोन तिकिटं, मासे सारख्याच आकाराचे.)

निऑन टेट्रा: सुमारे ३ सेंटिमीटर.
अरापैमा: जवळजवळ ३ मीटरपर्यंत.